खाजघरातली हेस्टर

हेस्टर लँगरिज बसमध्ये चढली की शेजारची बाई खिडकीकडे सरकायची. हेस्टर रोज कामावरून निघताना आंघोळ करायची, धुतलेला कोट घालायची, तरी तिच्या अंगाला गंधकाचा, म्हणजे नासक्या अंड्यासारखा वास यायचाच. तो वास माझ्याही अंगाला होता. पण मी जाडी आणि बडबडी. माझ्या शेजारी असंही कुणी राजीखुशीने बसत नसे.

आम्ही दोघी नगरपालिकेच्या खाजघरात कामाला होतो. दारावर पाटी होती 'स्वच्छता केंद्र' अशी, पण आमच्या टॅनरक्रॉस गावात ते नाव कुणी घेतलं नाही. लढाईआधी तिथे सार्वजनिक न्हाणीघर होतं. ज्यांच्या घरी टब नव्हता, म्हणजे नदीकाठच्या गल्ल्यांतले आम्ही सगळेच, शनिवारी दोन पेनी देऊन तिथे आंघोळ करायचो. हेस्टर तिथे टब घासायची. नवरा चामड्याच्या कारखान्यात होता; चुन्याच्या हौदावर काम करून करून त्याची फुप्फुसं गेली आणि पाठोपाठ तोही गेला. मूलबाळ नव्हतं. बाई उंच, हाडकुळी, ओठ कायम मिटलेले. लोकांना ती शिष्ट वाटायची. शिष्ट नव्हती. तिला किळस फार यायची आणि ती तोंडावर दिसू नये म्हणून ती ओठ मिटून घ्यायची.

बाँब पडायला लागले तशी माणसं निवाऱ्यांत राहायला गेली. दारूच्या कारखान्याखालच्या तळघरात तर शेकडो माणसं एकाला एक चिकटून झोपायची. एकाच गोधडीत तिघं, कोपऱ्यात पडद्यामागे बादल्या, त्या भरून वाहायच्या. त्या तळघराने आम्हाला बाँबपासून वाचवलं आणि खरूज दिली. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला पुरळ. गरम अंथरुणात शिरलं की जीव नकोसा करणारी खाज. मग नगरपालिकेने न्हाणीघरात खरजेवर उपचार सुरू केले; बायकांची बाजू आमच्याकडे दिली, पुरुषांची बाजू वॉली क्रंपकडे. वॉली हा आरोग्य खात्याच्या गाडीचा ड्रायव्हर. एका पायाने लंगडा, म्हणून सैन्याने घेतला नव्हता.

हेस्टरला ते काम मिळालं, कारण दुसऱ्या कुणी घेतलं नाही.

पहिल्या दिवशी एक आई तिच्या लेकरांना घेऊन आली. तिच्या हातांवरच्या खपल्यांखाली पू झाला होता, बाहीचं कापड त्याला चिकटलं होतं. हेस्टरने ते कापड कोमट पाण्याने भिजवून भिजवून सोडवलं. बाईला टबात बसवलं, मऊ साबणाने आणि ब्रशने पुरळ फुटेपर्यंत घासलं, कारण औषध आत जायचं तर पुरळ फुटावंच लागतं. मग गंधकाचं मलम चोळलं. ती बाई गेल्यावर हेस्टर मोरीत वाकून ओकली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "पुढचं कोण आहे, नेल?"

"थोडी बस की, बाई."

"बसले तर परत उठायची नाही मी. बोलव."

काही महिन्यांनी गंधक जाऊन पांढरं पातळ औषध आलं. ते रंगाऱ्याच्या ब्रशाने गळ्यापासून तळपायापर्यंत लावायचं. माणूस लाकडी फळीवर कुडकुडत उभं, अंगाची आग होतेय, आणि आम्ही भिंत रंगवावी तसं त्याला रंगवतोय. कपडे तेवढ्यात वाफेच्या भट्टीत. बाहेर यायचे ते चोळामोळा होऊन, लोकरीचे तर आखडून. बायका रडायच्या ते खाजेने नाही, त्या कपड्यांकडे बघून.

हे सगळं अंगवळणी पडतं. पू, खपल्या, उवा, ओल्या लोकरीचा वास, कशाचीही सवय होते. ज्याची सवय झाली नाही ते सांगते.

आरोग्य समितीचे अध्यक्ष होते मिस्टर गॉडबोल्ड. टेकडीवर घर, सरसाच्या कारखान्यात भागीदारी, गालांवर पांढरे कल्ले. आम्ही टॉवेल मागितले होते. खरजेच्या माणसाला औषध लावायच्या आधी कोरडं करावं लागतं, आणि एकाचा टॉवेल दुसऱ्याला दिला तर सगळी मेहनत पाण्यात. समितीने उत्तर दिलं की एका कुटुंबाला एक टॉवेल पुरे. वर गॉडबोल्डसाहेब म्हणाले म्हणे, "त्या लोकांना घरी तरी टॉवेल कुठे असतात?"

हे डॉक्टर फेनविक यांनी आम्हाला सांगितलं. ते आरोग्याधिकारी. भला माणूस होता, पण वरच्याचं नाव निघालं की आवाज बारीक व्हायचा.

"मग तुम्ही काय बोललात, डॉक्टर?" हेस्टरने विचारलं.

"लढाई चालू आहे, मिसेस लँगरिज. काटकसर सगळ्यांनाच करावी लागते."

हेस्टरने जुन्या चादरी फाडल्या, त्यांचे तुकडे केले आणि रोज भट्टीत वाफवून घेतले. आमच्या गल्लीतल्या बायकांनी मेलेल्या माणसांच्या चादरी आणून दिल्या. टेकडीवरून एक चिंधी आली नाही.

मग एके सकाळी समिती पाहणीला आली. आधी कळवायची पद्धत नव्हती. कोट-टोप्या घातलेली माणसं ओल्या फरशीवर चवड्यांवर चालत आली, नाकाला रुमाल. पडद्याआड टबात एक गोदीकामगाराची बायको बसली होती, सातवा महिना. गॉडबोल्डसाहेबांनी काठीच्या टोकाने पडदा बाजूला सारला, गोठ्यातलं जनावर बघावं तसं.

"आणि ही बघा, गृहस्थहो," ते म्हणाले, "ही आपली मूळ अडचण."

त्या बाईने हातांनी तोंड झाकलं. अंग नाही, तोंड. हेस्टर हातातल्या ब्रशासकट मध्ये येऊन उभी राहिली.

"साहेब, पडदा सोडा."

"मी या समितीचा अध्यक्ष आहे, बाई."

"असाल. पण पडदा सोडा."

त्यांनी सोडला. पण जाताना काठीचं टोक रुमालाने पुसलं. आमच्यासमोर उभं राहून, सावकाश, एकही बाजू न सोडता पुसलं. तो रुमाल त्यांनी आमच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. चांगला तागाचा रुमाल, कोपऱ्यावर नाव भरलेलं. हेस्टरने तो चिमट्याने उचलला आणि भट्टीच्या जाळात घातला.

"अगं, धुतला असता तर वापरला असता की," मी म्हणाले.

"त्याने अंग पुसायला मी कुणाला देणार नाही," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात साहेबांचं भाषण स्थानिक वर्तमानपत्रात आलं. नदीकाठच्या गल्ल्यांतली माणसं जन्मजात घाणेरडी आहेत, ती इतरांच्या निवाऱ्यात रोग आणतात, त्यांना वेगळं ठेवावं. टाउन हॉलखालच्या पक्क्या निवाऱ्याच्या दारावर मग एक शिपाई उभा राहू लागला. आत जाणाऱ्याचे हात बघायचा. बेचक्यांत पुरळ दिसलं की परत. पोरांचेही हात. मी स्वतः एका म्हातारीला तिथून परत जाताना पाहिलं. तिच्या हातांवर भांडी घासून पडलेल्या भेगा होत्या, खरूज नव्हतीच. माझ्या तोंडात थुंकी जमली, आणि टाउन हॉलच्या पायरीवर मी ती टाकली.

हिवाळ्यात सरकारचा नवा हुकूम आला. घरात एकाला खरूज निघाली तर आरोग्याधिकाऱ्याने सगळ्या घराला तपासायचं, औषध लावायचं; कुणी ऐकलं नाही तर दंड. फेनविकांनी हुकूम लागलीच अंमलात आणला. नगरपालिकेचं निशाण रंगवलेली वॉलीची मोठी हिरवी गाडी आमच्या गल्ल्यांत फिरायला लागली. ती ज्या दारासमोर उभी राहील तिथल्या गाद्या, पांघरुणं उघड्यावर आणून गाडीत टाकायचे. सगळी गल्ली दारात. त्या घराशी मग महिनाभर कुणी बोलायचं नाही. एका बाईने तर गाडी येताना दिसली म्हणून गाद्या आधीच जाळल्या, आणि अख्खं कुटुंब उघड्या लाकडावर झोपलं.

अशातच एक दिवस फ्लोरी डॅनट आली. चाळिशीची, नीटनेटकी, हातात पत्र्याची पेटी. ती गॉडबोल्डांच्या घरची मोलकरीण. तरुणपणापासून तिथेच होती.

"काढून टाकलं मला," ती म्हणाली. "म्हणे मी घरात घाण आणली. बारा वर्षं त्यांच्या अंथरुणांच्या घड्या घातल्या मी, आणि काल बाईसाहेबांनी माझा पेला चिमटीत धरून फेकून दिला."

हेस्टरने तिचे हात उलटेसुलटे बघितले. "तुला कधीपासून आहे?"

"नाताळनंतर. पण बाईसाहेब तर त्याच्या कितीतरी आधीपासून खाजवतायत. त्यांचा सैन्यातला भाचा रजेवर येऊन राहिला, तेव्हापासून. गुलाबाच्या वासाचं कसलंसं मलम लावतात आणि हातमोजे घालून जेवतात. साहेबसुद्धा दाराच्या चौकटीला पाठ घासतात, डुकरासारखी."

मी हसले. हेस्टर हसली नाही. ती तशीच ॲप्रन न काढता फेनविकांच्या खोलीत गेली आणि मी तिच्या मागे.

"घरात एकाला निघाली तर सगळं घर तपासायचं, हाच हुकूम ना, डॉक्टर?"

"हो."

"मग गॉडबोल्डांच्या घरी गाडी कधी पाठवताय?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ते घर जरा वेगळं आहे, मिसेस लँगरिज."

"भिंती वेगळ्या असतील. किडा तोच आहे."

"मी त्यांच्याशी खाजगीत बोलेन."

ते बोलले. दोन दिवसांनी त्यांनी हेस्टरला बोलावून हळू आवाजात सांगितलं की औषधाची बाटली आणि ब्रश घेऊन जा, पण अंधार पडल्यावर, मागच्या फाटकाने, साध्या कोटात. गाद्या त्यांचा माळी परभारे जाळेल. त्या महिन्यात आमच्याकडे गाद्या नाहीत म्हणून पोरं वर्तमानपत्रांवर झोपत होती.

हेस्टरचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, पुन्हा ओकणार. ती फक्त "बरं" म्हणाली, बाहेर आली आणि वॉलीला हाक मारली.

"वॉली, गाडी काढ. टेकडीवर जायचंय."

"आत्ता? भर दुपारी?"

"तुला पुरुषांचं करायचंय. मोठा ब्रश घे."

शनिवार होता. बायका शिध्याच्या रांगेत होत्या. हिरवी गाडी टेकडीकडे वळलेली बघून रांगेतल्या अर्ध्या बायका रांग सोडून मागे चालायला लागल्या. लढाईच्या दिवसांत शिध्याची रांग सोडणं म्हणजे काय, ते ज्याने रांग लावली त्यालाच कळेल. गॉडबोल्डांच्या पुढच्या फाटकाशी वॉलीने गाडी लावली आणि हेस्टरने पितळी घंटा वाजवली.

साहेबांनी स्वतः दार उघडलं. "मी मागच्या दाराने सांगितलं होतं!"

"मागच्या दाराने गाद्या निघत नाहीत, साहेब. वॉली, यांना वर ने."

ते ओरडले, फेनविकांचं नाव घेतलं, दंडाची भाषा केली. दंड हुकूम मोडणाऱ्याला आहे, असं हेस्टरने सांगितल्यावर वर गेले. वरून मला वॉलीचा आवाज ऐकू येत होता: "हात वर, साहेब. अजून वर. आता वळा. लाजू नका, मी याहून वाईट पाहिलंय. अं, नाही, नाही पाहिलं."

खाली हेस्टर आणि मी बाईसाहेबांचं करत होतो. हातमोजे काढल्यावर मला मान फिरवावी लागली. महिनोन्‌महिने उपचार नाही. बोटं सुजून लाल, नखांनी ओरबाडलेली, सुगंधी मलमाखाली पू. गुलाब आणि पू. तो मिसळलेला वास मला आजही गुलाबाजवळ जाऊ देत नाही.

"फ्लोरीनेच आणलं ना हे?" बाईसाहेब म्हणाल्या.

"खाज आधी कुणाला सुटली, बाईसाहेब?"

बाई हळूच म्हणाल्या, "मला."

"मग कुणी कुणाला दिली?"

"ते मी यांना सांगितलं होतं हो," बाई रडायला लागल्या. "हे म्हणाले, बाहेर कळलं तर माझी खुर्ची जाईल. मोलकरणीचं नाव सांग. मला शांत झोप लागून किती दिवस झाले, तुम्हाला काय सांगू!"

हेस्टरने त्यांना इतरांना लावायची तसंच औषध लावलं, जास्त जोरात नाही, जास्त हळू नाही. मग आमचे हात पुसायला काही मिळावं म्हणून मी कपाट उघडलं. कपाटात छतापर्यंत टॉवेल. पांढरे, जाड, लव्हेंडरच्या पुरचुंड्या घातलेले. हेस्टर त्या कपाटासमोर नुसती उभी राहिली. मी मात्र बोलले. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

वॉलीने आणि मी गाद्या पुढच्या दाराने बाहेर काढल्या. फाटकाबाहेर गर्दी होती. टाळ्या पडल्या. "ए खाजऱ्या गॉडबोल्डा!" कुणीतरी ओरडलं. "हात दाखव, हात दाखव!" अख्खी गर्दी तेच ओरडायला लागली. खोटं कशाला बोलू, मीही ओरडले, आणि बऱ्याच दिवसांनी पोट भरल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात जिन्यावर एक मुलगी दिसली. साहेबांची नात, रोझमंड. बाप नौदलात, आई दूर कुठेतरी नर्स. म्हणून आजीआजोबांकडे राहायची. दहा वर्षांची असेल. उघड्या दारातून तिला सगळी गर्दी दिसत होती. गर्दीलाही ती दिसली, आणि रांगेतल्या एका बाईच्या पोराने चाल लावून म्हटलं, "रोझी खाजरी, रोझी खाजरी!" बाकीच्या पोरांनी उचललं. मुलगी रडली नाही. तिने आपले हात फ्रॉकमागे लपवले.

हेस्टरने ते पाहिलं. टबातल्या त्या बाईने तोंड झाकलं होतं तेव्हा हेस्टरचा जसा चेहरा झाला होता, तसाच आता झाला. तिने दार लोटून घेतलं आणि पोरीला आत नेऊन औषधाचा पहिला हात लावला.

परत येताना गाडीत मी आणि वॉली हसत होतो. "गप्प बसा," ती म्हणाली. "मी त्याच्यावर थुंकायला गेले आणि ते पोरीच्या अंगावर पडलं. शी!"

"त्याने आपल्या पोरांचं काय केलं?" मी म्हणाले.

"तेच केलं. म्हणूनच शी म्हणाले."

सोमवारी फेनविकांनी तिला बोलावलं. खोलीत समितीचे दोघं होते. गॉडबोल्ड नव्हते, तब्येत बरी नव्हती म्हणे. आज्ञाभंग, उद्धटपणा, प्रतिष्ठित नागरिकाची जाहीर बदनामी. मी दाराशी उभी राहून ऐकत होते, कुणी हाकललं नाही.

"मला काय शिक्षा करायची ती करा," हेस्टर म्हणाली. "चुकलंच माझं. कुणाच्याही दारासमोर ती गाडी अशी उभी करू नये. आता मला एवढंच सांगा, इतके महिने ती नदीकाठच्या दारांसमोर उभी राहिली, त्याची शिक्षा कुणाला करणार?"

एकाने घड्याळ काढून बघितलं. नोकरीवरून काढायचं तर तिच्या जागी येणारं कोण होतं? फेनविक शेवटी म्हणाले, "तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"गाडीवरचं निशाण पुसा. गाडी कोपऱ्यावर लावा, गाद्या बंद पिशव्यांतून न्या. टेकडीवर तसं आणि खाली पण तसंच. आणि त्या निवाऱ्याच्या दारातला शिपाई काढा."

गाडीला राखाडी रंग दिला गेला. पिशव्या मिळाल्या. शिपाई काही दिवसांनी दिसेनासा झाला. हे सगळं करून घेतलं कुणी, तर वर्तमानपत्राच्या म्हणण्याप्रमाणे आरोग्य समितीच्या दयाळू अध्यक्षांनी. हो, गॉडबोल्ड खुर्चीवरच राहिले. त्यांच्या त्या दुपारबद्दल वर्तमानपत्रात ओळ आली नाही. फ्लोरी दारूगोळ्याच्या कारखान्यात लागली, दुप्पट पगारावर. आम्हाला भेटायला मात्र कधी आली नाही. खाजघरात पुन्हा पाय ठेवावा असं कुणालाच वाटत नसे, तिला तरी का वाटावं?

रोझमंडला दुसऱ्या शाळेत घातलं. जाण्याआधी तिला औषधाचा दुसरा हात लावायचा होता. त्या वेळी हेस्टर एकटी गेली, मागच्या फाटकाने, साध्या कोटात. तिथे काय बोलणं झालं, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

लढाई संपल्यावर खाजघर बंद झालं. टाउन हॉलमध्ये आरोग्य खात्याच्या सेवेबद्दल समारंभ झाला. डॉक्टरांचा सत्कार, नर्सेसचा सत्कार, गॉडबोल्डांचं तासभर भाषण. आम्हाला बोलावणं होतं, मागच्या रांगेत. "संकटाच्या काळात या नगरात कुणी उच्च नव्हतं, कुणी नीच नव्हतं," साहेब म्हणाले, "आपण सगळे एका कुटुंबासारखे राहिलो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या गल्लीतल्यांनीही वाजवल्या, ज्यांचे हात दाराशी उलटेसुलटे करून बघितले होते त्यांनीसुद्धा. मला सगळ्यात जास्त शिसारी त्या टाळ्यांची आली.

हेस्टर उठली. "चल नेल. मला भूक लागलीय."

आम्ही कोपऱ्यावर तळलेली मासळी घेतली आणि भिंतीला टेकून खाल्ली. पुढे ती सार्वजनिक धोबीघाटात कामाला लागली, गुडघे जाईपर्यंत तिथेच होती. बाजारात खाजघरातली एखादी ओळखीची बाई समोर आली तर हेस्टर दुकानाच्या काचेत बघत उभी राहायची, ती बाई पुढे निघून जाईपर्यंत. बिचारीला ओळख द्यावी लागू नये म्हणून. लोक म्हणायचे, शिष्ट आहे.

दोन-तीन वर्षांपूर्वी गल्लीत जेवणावळ होती. एक तरुण जोडपं, लढाई संपताना पाळण्यात असलेलं, म्हणालं की त्या दिवसांत माणसं कशी एकमेकांना धरून होती, आता तसं राहिलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. हेस्टरने आपली ताटली उचलली, दुसऱ्या टेबलाशी गेली आणि तिथे पाठ करून बसली. मी माझी ताटली घेऊन तिच्या मागोमाग गेले.